चौदा झोपलीय

आमच्या हॉटेलातल्या खोल्यांची व्यवस्था तेवीस वर्षं माझ्याकडे आहे. तेवीस वर्षांत मी काय काय पाहिलं नाही? उशीच्या अभ्र्यात विसरलेली कवळी पाहिली, बाथटबात भिजत घातलेले मासे पाहिले, एकदा तर कपाटात लपलेला नवरा पाहिला, तोही दुसरीचा. आता आपल्याला धक्का म्हणून बसायचा नाही, अशी माझी ठाम समजूत होती. मग एका सोमवारी लिफ्टचं दार उघडलं आणि आतून शेळी बाहेर आली.

एकटी. पांढरीशुभ्र, एका कानावर तपकिरी डाग, गळ्यात निळी रिबीन. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वाट चुकून तिथे आले होते. माझ्या हातात फुलदाणी होती. ती फुलं मी अकरा नंबरच्या खोलीसाठी नेत होते, कारण माझ्या धाकट्या भावाने फोनवर बजावलं होतं, "ताई, मॅडमना दुसऱ्या मजल्यावरची मोठी खोली दे. खाली मऊ गालिचा हवा, फरशीवर त्यांचे पाय घसरतात. आणि फळं ठेव भरपूर." मला वाटलं, कुणी वयस्कर नटी असेल, गुडघ्यांचा त्रास असेल बिचारीला. मी गालिचा घातला, फळांची टोपली ठेवली, उशीवर चॉकलेटसुद्धा ठेवलं.

मॅडमनी फुलं पाच मिनिटांत संपवली. फळं त्याहून लवकर. टोपली जरा चिवट होती, तिला वेळ लागला.

धाकटा सिनेमे करतो. म्हणजे इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमात पळापळ करत होता, हा त्याचा स्वतःचा पहिला. एका हॉटेलात शेळी शिरते आणि सगळ्यांची भंबेरी उडवते, घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून हसावं असा. माझ्या शब्दावर मालकांनी सहा दिवस हॉटेल दिलं. शेळीचं कुणी मला सांगितलंच नव्हतं. "सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," धाकटा म्हणाला. अगदी खरं होतं ते.

त्या दिवसांत शेळीने काय काय खाल्लं याची मोठी यादी माझ्याकडे आहे. पण मला सांगायचंय ते यादीतल्या शेवटच्या वस्तूबद्दल. कारण गुरुवारी सकाळी माझी आई चौदा नंबरच्या खोलीत शेवटच्या घटका मोजत होती, आणि मी, तिची सख्खी मुलगी, खिशात किल्ली असताना, दाराबाहेरून तोंड फिरवून निघून गेले होते.

आईला धाकट्यानेच आणलं होतं. एका प्रसंगात तिला घ्यायचं होतं. खाली सोफ्यावर एक आजी बसलीय आणि शेळी तिची पर्स पळवते, एवढंच. आई तशी हाडाची कामकरी. बत्तीस वर्षं रुग्णालयात वॉर्डातली मावशी होती. खाटा आवरणं, भांडी देणं, रात्रंदिवस धावणं. आता साखरेने धरलंय तिला. सकाळी पोटात स्वतःच सुई टोचून घेते आणि अर्ध्या तासाच्या आत काही तरी खावं लागतं. तिचा नाश्ता मी स्वतः आठ वाजता वर नेत असे, आणि अडीअडचणीला तिच्याजवळ बिस्किटांचा पुडा असे.

पहिल्या दिवशी मी तिला चौदा नंबर दाखवला. दाराच्या मुठीवर टांगायची पाटी समजावून सांगितली, कारण आमचं सगळं काम त्या पाटीवर चालतं. जाड पुठ्ठ्याची, दोन बाजूंची. हिरव्या बाजूवर 'कृपया खोली आवरावी'. लाल बाजूवर 'कृपया त्रास देऊ नये'. लाल पाटी असली की ते दार कुणी वाजवायचं नाही, मालकांनीसुद्धा नाही. हा माझा नियम. अशा खोलीला आमच्यात 'झोपलीय' म्हणतात. सहा झोपलीय, नऊ झोपलीय. आत माणसं पत्ते खेळत असोत की भांडत असोत, लाल पाटी म्हणजे खोली झोपलीय. आणि पाटीच नसली, तर आधी दार वाजवायचं, उत्तर आलं नाही की किल्लीने उघडायचं.

"हिरवी म्हणजे आम्ही येतो, लाल म्हणजे येत नाही," मी म्हटलं.

"हो हो," आई म्हणाली. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती पलंगाशी वाकून चादरीचा कोपरा बघत होती. "हे कुणी घातलंय? इथे बोट जातंय बघ."

तेवीस वर्षं चादरी घालतेय मी! माझ्या चादरीवर नाणं टाकलं तर उसळून वर येतं, असं मालक पाहुण्यांना सांगतात. आईने दोन्ही कोपरे उपसले आणि वॉर्डातल्यासारखी घट्ट घडी घालून पुन्हा खोचले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्या हाताखालच्या बायका गालात हसत होत्या, आणि मी आतल्या आत खदखदत होते.

बुधवारी दुपारी ते उतू गेलं. वॉर्डातल्या सवयीने आई खोलीचं दार सताड उघडं ठेवते. मी मालकांना घेऊन दुसऱ्या मजल्यावर आले, तर चौदा नंबरमध्ये मॅडम. पुढचे दोन्ही पाय माझ्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या चादरीवर, आणि आई खुर्चीत बसून तिला बिस्किटं भरवतेय! पुडा संपत आला होता. माझ्या डोळ्यांदेखत शेवटचं बिस्किट गेलं.

"गरीब आहे गं ती," आई म्हणाली. "दिवसभर तिच्याकडून उड्या मारून घेतात."

 मालकांनी फक्त चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा चेहरा लालबुंद झाला. मजल्यावरचे झाडलोट करणारे मामा तिथेच उभे होते, दोन बायका उभ्या होत्या, आणि त्या सगळ्यांसमोर मी आईला म्हटलं, "आई, मी इथे काम करते. मला त्रास देऊ नकोस."

"बरं," आई म्हणाली. एवढंच. उठली, मांडीवरचा चुरा झटकला आणि शेळीने विस्कटलेला कोपरा खोचायला लागली. संध्याकाळी मी तिच्या खोलीकडे फिरकलेच नाही.

गुरुवारी आठच्या ठोक्याला मी नाश्ता घेऊन वर गेले. रात्रभरात राग जरा निवळला होता. टोस्ट, अंडं, दूध, शिवाय एक पेर मी स्वतः चिरून ठेवलं होतं. माफी मागायचा माझा विचार नव्हता, पेर चिरून नेणं हीच आमच्या घरातली माफी. चौदाच्या दाराशी पोचले आणि जागच्या जागी थबकले.

मुठीवर लाल पाटी. 'कृपया त्रास देऊ नये.'

माझा विश्वासच बसेना. काल मी तिला जे बोलले, तेच तिने आज दारावर टांगलं होतं, तेही माझ्याच पाटीने! सत्तरी ओलांडलेल्या बाईला हे असं सुचावं? मी ट्रे हातात धरून उभी होते. दार वाजवायला हात उचलला होता, तो खाली घेतला. नियम म्हणजे नियम, मी मनात म्हटलं. रुसायचंय ना? रुसा.

तिने सुई घेतली असेल, हे मला माहीत होतं. तिच्याकडे बिस्किटं असतात, असं मी स्वतःला समजावलं. बिस्किटांचं काय झालं ते मी काल डोळ्यांनी पाहिलं होतं. खरं सांगायचं तर मला ते आठवायचं नव्हतं. मी ट्रे परत नेला.

"ताई, चौदा?" मामांनी विचारलं. ते रोज सकाळी फळ्यावर खोल्या लिहून घेतात.

"झोपलीय," मी म्हटलं.

पावणेनऊला धाकट्याचा खालून फोन आला. मागे गोंगाट चालला होता. "ताई, आई कुठेय? नऊला तिचा शॉट आहे. मी वर येऊ का आणायला?"

"चौदा झोपलीय," मी फटकन म्हटलं.

"अजून झोपलीय? बरं, झोपू दे मग तिला. दमली असेल. मी आधी शेळीचं उरकतो."

त्याने फोन ठेवला. मीही ठेवला. त्या दोन वाक्यांत काय घडलं, हे तेव्हा आम्हा दोघांपैकी एकालाही कळलं नाही. 

शेळीचं जे उरकायचं होतं ते असं. सिनेमात शेळी हॉटेलच्या दारांवरच्या पाट्या एकामागून एक खाते आणि पाहुण्यांची त्रेधातिरपीट उडते. त्यासाठी धाकट्याने आमच्या पाटीसारख्या हुबेहूब पाट्या बिस्किटाच्या करून घेतल्या होत्या, आणि शेळीवाल्याने महिनाभर तिला त्यांची सवय लावली होती. शेळीवाला हा पहिलवानासारखा माणूस, आवाज मात्र चिमणीचा. पहिल्या मजल्यावर पाच बिस्किटाच्या पाट्या लावल्या, कॅमेरा लागला, शेळी सोडली. तिने पाचही पाट्या चट्टामट्टा केल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत शेळी नाहीशी झाली होती. पहिल्या मजल्यावर जर पाट्या खायला मिळतात तर दुसऱ्या मजल्यावर का मिळू नयेत, असा साधा सरळ हिशेब तिने केला असणार.

"मॅडम जिन्यावर! मॅडम जिन्यावर!" चिमणीचा आवाज खालून आला.

मी कपड्यांच्या खोलीतून धावत बाहेर आले.  वीस नंबरची पाटी नाही. एकोणिसाची नाही. अठरा, सतरा, सोळा, सगळ्या मुठी उघड्याबोडक्या. या खोल्यांत उतरलेली सिनेमाच्या युनिटची माणसं खाली कामावर होती, आत महागडं सामान म्हणून प्रत्येकाने लाल पाटी लावली होती, आणि ही बया माझ्या तेवीस वर्षांच्या शिस्तीचा घास घेत पुढे पुढे चालली होती. पंधराची तिच्या तोंडात होती. तिने ती गिळली आणि चौदाला तोंड घातलं.

"हट्! सोड! सोड म्हणते ना!" मी चप्पल हातात घेऊन धावले. पाटीचं एक टोक तिच्या दातांत, दुसरं मी धरलेलं. ती ओढतेय, मी ओढतेय. फाटली एकदाची. अर्धी तिच्या पोटात गेली, अर्धी मी रागारागाने ॲप्रनच्या खिशात कोंबली.

मामा धापा टाकत पोचले. "मामा, नवी पाटी आणा," मी म्हटलं. "चौदाला लाल लावा."

मामा जागचे हलले नाहीत. ते फार बोलणारे नव्हेत. जरा घुटमळून म्हणाले, "ताई, आता चौदाला पाटी नाही."

"म्हणूनच सांगतेय ना, नवी आणा!"

"पाटी नसली की आधी दार वाजवायचं. तुमचाच नियम आहे, ताई."

तेवीस वर्षांत माझा नियम मला कुणी शिकवला नव्हता. मी मामांकडे डोळे वटारून पाहिलं. ते खाली फरशीकडे बघत होते, पण हलले नाहीत. शेवटी मी दार वाजवलं. उत्तर नाही. जोरात वाजवलं. "आई, पुरे झाली नाटकं. दार उघड." काही नाही. शेळीचं रवंथ तेवढं ऐकू येत होतं. तेव्हा कुठे मी खिशातून किल्ली काढली. दार उघडलं.

पलंग आवरलेला होता, चादरीचे कोपरे चारी बाजूंनी घट्ट. आई पलंग आणि खुर्ची यांच्या मध्ये जमिनीवर पडली होती. अंग घामाने निथळत होतं, ओठ पांढरे, डोळे अर्धवट उघडे आणि त्यांत ओळख नाही. एका पायात चप्पल होती. टेबलावर सुई, आणि शेजारी बिस्किटांच्या पुड्याचा कागद. तो तिने पूर्ण फाडून उलटा पसरला होता. त्यातला चुरासुद्धा बोटाने टिपून घेतलेला दिसत होता. फोन खाली लोंबत होता. वायर कुरतडलेली होती, बुधवारीच मॅडमनी ती खाल्ली असणार, आणि माझ्या बोलण्याच्या भीतीने आईने मला ते सांगितलं नव्हतं.

मी किंचाळले. मला वाटतं त्या किंचाळीने पहिल्या मजल्यावरचा कॅमेरासुद्धा बंद पडला.

सगळ्यांच्या आधी धावत आला तो युनिटमध्ये सगळे ज्याला 'डॉक्टर' म्हणत तो माणूस. मी त्याचे पाय धरायची बाकी होते. "डॉक्टर, साखर आहे हिला, सुई घेतलीय, काही खाल्लं नाही..."

"मी जनावरांचा डॉक्टर आहे," तो म्हणाला आणि तोवर गुडघ्यांवर बसलासुद्धा. शेळीसाठी ठेवला होता त्याला. "साखर आणा. बारीक. आणि गाडी बोलवा, लगेच." त्याने आईला कुशीवर वळवलं. तिच्या तोंडात काही ओतू दिलं नाही, नुसतं ओलं बोट साखरेत बुडवून हिरड्यांना चोळत राहिला. पुन्हा पुन्हा. मी बाजूला बसून साखरेची वाटी धरली होती आणि आयुष्यात कधी नाही इतकी घाबरले होते. शेळी दारात उभी होती. तिला हाकलायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दुपारी रुग्णालयात आईने डोळे उघडले आणि या वेळी आम्हाला ओळखलं. तिथला डॉक्टर म्हणाला, अजून अर्धा तास गेला असता तर... पुढचं वाक्य त्याने पुरं केलं नाही, मीही त्याला करायला लावलं नाही.

धाकटा खाटेच्या दुसऱ्या बाजूला होता. रडून रडून डोळे सुजले होते. "तू तर म्हणालीस झोपलीय म्हणून! मी वर येतच होतो, ताई!"

"मी म्हटलं, चौदा झोपलीय."

"म्हणजे?"

म्हणजे काय ते मी सांगितलं. लाल पाटी लागली की आमच्यात खोलीला झोपलीय म्हणतात. मी तुला खोलीबद्दल सांगत होते रे, आईबद्दल मी काही बघितलंच नव्हतं. सांगता सांगता माझेच शब्द मला ऐकवेनात.  धाकटा भिंतीला धरून खाली बसला.

"पण पाटी तिने का लावली?" तो हळूच म्हणाला.

"माझ्यावर रागावून," मी म्हटलं. "मी बोलले होते तिला. सगळ्यांसमोर."

"मी कुठे रागावले?" उशीवरून आवाज आला. बारीक होता, पण आईचाच. "सकाळी सुई घेतली आणि गरगरायला लागलं. फोन मेलेला. हाक मारावी तर खाली शूटिंग, आवाज करायचा नाही म्हणून यानेच बजावलेलं. मग कशीबशी दारापर्यंत गेले, पाटी लावली आणि शेळी पुन्हा आत शिरू नये म्हणून दार ओढून घेतलं." ती दमली, थांबली. "तू आली नाहीस."

"आई, तू लाल लावलीस!"

"मग? लालच लावणार ना." तिच्या कपाळाला आठी पडली. आपली मुलगी इतकी बावळट कशी, असं नवल वाटल्यासारखी ती माझ्याकडे बघत होती. "आमच्याकडे खाटेवरून कुणी बटण दाबलं की दारावर लाल दिवा लागायचा. लाल दिसला की हातातलं टाकून धावायचं. बत्तीस वर्षं धावले मी. आज पहिल्यांदा मी लावला."

 ट्रे हातात धरून मी त्या लाल रंगासमोर उभी होते आणि परत फिरले होते. ती मला बोलवत होती. दाराच्या पलीकडे, चार पावलांवर बसून, माझी पावलं ऐकत असेल. आलेली. आणि गेलेलीसुद्धा. मी ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडले, वॉर्डातल्या सगळ्यांसमोर, आवाज करून.

डोळे पुसायला ॲप्रन ओढला तेव्हा खिशातला पुठ्ठा टोचला. शेळीने चघळलेली अर्धी पाटी, कडा अजून ओलसर. मी ती बाहेर काढली.

"काय आहे ते?" आईने विचारलं. "चष्मा नाहीये माझा. काय लिहिलंय?"

मी बघितलं. शेवटची अक्षरं मॅडमनी खाल्ली होती. उरलं होतं तेवढं मी वाचलं.

"कृपया त्रास दे."

आईने जरा विचार केला. सलाईन नसलेला हात तिने पांघरुणाबाहेर काढला आणि पायांकडे दाखवला.

"मग तो चादरीचा कोपरा बघ आधी," ती म्हणाली. "बोट जातंय त्यात. नीट घाल."

मी उठले आणि दोन्ही कोपरे उपसले.